दादाच्या गाडीची घंटी

दादाच्या मोटरसायकलला घंटी मीच बसवली होती, तीन वेळा. पहिल्या दोन वेळा ती पडली. तिसऱ्या वेळी मी ती अशी बसवली की पुन्हा पडली नाही. हे कुणाला तरी सांगावं असं पुष्कळ दिवस मनात आहे. घरात कोणी ऐकून घेणार नाही, म्हणून लिहितो आहे.

मी सुरतेच्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये फिटर आहे. कापड रंगवायची मशिनं, त्यांचे पंप, वाफेचे पाइप, जे बंद पडेल ते चालू करायचं. दादा माझा मोठा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. खानदेशातून सुरतेला तो आधी आला आणि मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात लागला. मग मला बोलावून घेतलं आणि फिटरचं शिक्षण दिलं. मी नोकरीला लागलो त्या दिवशी तो माझ्याबरोबर मिलच्या फाटकापर्यंत आला होता. आत जाताना म्हणाला, "हात राखून काम कर, मशीन काही आपली नातलग नाही."

पुढे त्याने मिल सोडली. बारा तास उभं राहून त्याचे पाय सुजायचे. त्याने मोटरसायकल घेतली आणि बाजारातून साड्यांची पोटली आम्ही राहतो त्या डिंडोलीत घरोघरी पोचवायचं काम धरलं. आमच्या भागातल्या बायका घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात, माझी वहिनीसुद्धा. दादा सकाळी साड्या टाकायचा, संध्याकाळी तयार माल उचलून व्यापारी शेठकडे द्यायचा. त्याला ते काम मनापासून आवडायचं. गल्लीत शिरला की दारादारांतून बायका त्याला हाक मारायच्या, कुणाची मुलगी परीक्षेला बसली, कुणाच्या सासूचा गुडघा दुखतो, सगळं त्याला ठाऊक असायचं. मिलमध्ये मान खाली घालून वावरणारा माणूस गाडीवर बसला की ताठ व्हायचा.

त्याला पहिली फीट आली ती एका रविवारी दुपारी, थंडीचे दिवस सुरू होत होते तेव्हा. मी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. बोलता बोलता दादा थांबला. हातातला घास तसाच, आणि मान हळूहळू एका बाजूला वळायला लागली, जणू मागून कुणी हाक मारली आहे. मग तो ताटावर पडला. हातपाय झटकायला लागला, तोंडातून फेस. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी नुसता उभा राहिलो. दोन-तीन मिनिटंच असतील. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "भरीत कोणी सांडलं?"

मेंदूच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि अगदी स्पष्ट सांगितलं की गोळी एकदाही चुकवायची नाही आणि गाडी चालवायची नाही. "किती दिवस?" दादाने विचारलं. "मी सांगेपर्यंत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पडाल ते एक, पण रस्त्यावर दुसरेही लोक असतात."

जिना उतरताना दादा म्हणाला, "हे आपल्या तिघांतच ठेवायचं, तू, मी आणि वहिनी. शेठच्या कानावर गेलं तर उद्यापासून काम बंद." मी हो म्हटलं.

आठ दिवस तो घरी राहिला. नवव्या दिवशी गाडी काढली. वहिनीने मला फोन केला, पण मी दादाला अडवलं नाही. लहान भाऊ आहे मी. त्याने मला शिकवलं, माझं लग्न लावलं. त्याच्या हातातून किल्ली कशी काढून घ्यायची?

घंटीचं वहिनीने मोबाइलवर बघितलं होतं. लांब लांब फिरणारे मोटरसायकलवाले गाडीला पितळेची छोटी घंटी लावतात. ती खाली, रस्त्याच्या जवळ लावायची. रस्त्यावरची बला गाडीला चिकटायला येते ती घंटीच्या आवाजात अडकते आणि गळून पडते, असं काहीतरी. आणि ती स्वतः स्वतःसाठी घ्यायची नाही, दुसऱ्या कुणीतरी प्रेमाने दिली तरच तिचा गुण येतो. कालव्याजवळच्या रस्त्यावर गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून तिने बोराएवढी एक घंटी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"भाऊजी, एवढी लावून द्या. तुमचे दादा ऐकत तर नाहीत. निदान ही तरी राहू द्या बरोबर."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तसं मी म्हणू शकलो असतो. पण मग पुढचं वाक्य मला बोलावं लागलं असतं, की वहिनी, घंटी नको, किल्ली लपवा. ते बोलण्यापेक्षा घंटी बांधणं सोपं होतं. देवळातून आणलेल्या लाल दोऱ्याने मी ती पाय ठेवायच्या दांडीखाली बांधली.

दोन दिवसांत ती पडली. रेल्वेच्या फाटकाजवळ रूळ ओलांडताना कुठेतरी गेली असावी. दोरा तेवढा लोंबत राहिला, ओढून तुटलेला. वहिनी रडली आणि तिने दादाला त्या दिवशी बाहेर जाऊच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी घंटी आणली. ती मी तारेने बांधली, तीन वेढे घालून. बांधतानाच मला माहीत होतं की इंजिनाच्या थरथरीने तार जिथे वळते तिथेच एक दिवस तुटणार. मिलमध्ये रोज असल्या तुटलेल्या तारा बघतो मी. तरीही बांधली.

ती महिनाभर टिकली. त्या महिन्यात दादाला घरी आणखी एकदा फीट आली, सकाळी दात घासताना, आणि जीभ चावली गेली. गोळ्यांनी झोप येते, रस्त्यावर डोळे मिटतात, म्हणून तो सकाळची गोळी टाळत होता हे तेव्हा कळलं. तरी दुपारी गाडी काढून गेला. वहिनीने अडवलं तर आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाला, "घंटी शे ना, माले काय व्हई?" घंटी आहे ना, मला काय होणार. तो चेष्टेत बोलतो आहे असं आधी वाटलं. पण तो खरंच तसं मानायला लागला होता. वहिनीच्या भीतीतून आलेली वस्तू त्याने स्वतःच्या धीरासाठी घेतली होती.

मग दुसरी घंटी पडली. त्या दिवशी तो स्वतःच घरी परत आला, सकाळी दहा वाजता, साड्यांचं पोटलं तसंच मागे बांधलेलं. मी दुसऱ्या पाळीला होतो म्हणून घरीच होतो. आमची घरं समोरासमोर. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पडली रे. कुठे पडली कळलंच नाही." चेहरा पांढरा पडला होता. चार दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. ते पोटलं गल्लीतला दुसरा माणूस पोचवून आला.

त्या चार दिवसांची आठवण मला सगळ्यात जास्त छळते. कारण चौथ्या दिवशी, शनिवारी, मी त्याला मिलमध्ये घेऊन गेलो होतो. घडी खात्यात एक जागा रिकामी होती. सुपरवायझर जुना, दादाला ओळखणारा. दादाने त्याला आजाराचं सांगितलं नाही, फक्त म्हणाला की गाडीचं काम आता झेपत नाही. सुपरवायझर म्हणाला, "सोमवारपासून ये. बसून करायचं टेबल देतो तुला." परत येताना मी गाडी चालवत होतो आणि तो मागे बसला होता. उधन्याच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "तिथली उग्र वासाची हवा परत खायची म्हणजे..." आणि थोड्या वेळाने, "पण ठीक आहे. बसून तर काम आहे." मला एवढं हलकं वाटलं होतं की घरी जाताना मी जिलेबी घेतली.

घरी पोचलो तर वहिनी तिसरी घंटी घेऊन बसलेली. ही मोठी होती, जड, चांगल्या पितळेची. तिला मिलचं काही माहीत नव्हतं. "भाऊजी," ती म्हणाली, "आता अशी बसवा की सुटणारच नाही."

दादा दारात उभा होता. तो घंटीकडे बघत होता, मग त्याने गाडीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी ओळखलं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की आता गरज नाही, दादा सोमवारपासून मिलमध्ये येणार आहे, गाडी विकून टाकू. एवढंच. मी म्हणालो, "बघतो."

का म्हणालो, याचा मी खूप विचार केला आहे. दादाला वाईट वाटू नये म्हणून, हे एक. आणि दुसरं असं की ते काम मला करावंसं वाटत होतं. दोनदा मी बांधलेली वस्तू पडली होती आणि मी फिटर आहे.

रविवारी सकाळी मिलच्या वर्कशॉपमध्ये मी ते केलं. गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डला खालच्या बाजूने भोक पाडलं. त्यात कडीचा बोल्ट घातला, दोन्ही बाजूंनी वॉशर, वर स्प्रिंग वॉशर, मग आत नायलॉनचं कडं असलेला नट, जो थरथरीने उलटा फिरत नाही. बोल्टच्या आट्यांना गोंद लावला, शेवटी बोल्टच्या टोकाला आरपार भोक पाडून त्यात पिन घालून तिचे पाय वळवले. घंटीची कडी उघडी होती, ती मी पितळेने जोडून बंद केली. हाताने ओढून बघितलं, मग पान्याने ठोकून बघितलं. जागची हलली नाही. गाडी चालू केली तर मंद आवाज येत होता, इंजिनाच्या आवाजाखाली. मला समाधान वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

सोमवारी मी डबा घेऊन दादाच्या दाराशी गेलो तर गाडी नव्हती. वहिनी खडे चिकटवत होती. "लवकरच गेले," ती म्हणाली. "आज बरे दिसत होते." मिलमध्ये सुपरवायझरने विचारलं, भाऊ कुठे आहे. मी सांगितलं की त्याचा विचार बदलला.

नंतर दोन महिने काही झालं नाही. निदान आम्हाला कळलं असं काही झालं नाही.

फाल्गुनात एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास मिलमध्ये मला दादाच्या मोबाइलवरून फोन आला. आवाज अनोळखी होता. तो माणूस गुजरातीत म्हणाला की हा फोन ज्याचा आहे तो बारडोलीच्या रस्त्यावर पडला आहे, दवाखान्यात नेलं आहे, तुम्ही या. शेठने दादाला बारडोलीच्या एका दुकानात माल द्यायला पाठवलं होतं. एवढ्या लांब तो एरवी जात नसे.

मी कडोदऱ्यावरून गेलो. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर चालले होते, कारखान्याचा हंगाम संपत आला होता. दवाखान्यात दादा खाटेवर होता. खांद्याचं हाड मोडलेलं, गुडघा फुटलेला, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. मला बघून त्याने विचारलं, "माल पोचला का?"

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की वाचला. मग बाहेर आलो तेव्हा दुसरं कळलं. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीची एक बाई हंड्यातलं पाणी पीत उभी होती. बघणाऱ्यांनी सांगितलं, गाडी सरळ तिच्या अंगावर गेली, ब्रेक लावला नाही, हॉर्न नाही. चालवणारा लाकडासारखा ताठ झाला होता. बाईला आत नेलं होतं. तिचा एक पाय मांडीतून काढावा लागला. ते दुपारनंतर कळलं.

तिचा नवरा व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. तिशीचा असेल. दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी कोण हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो उठला नाही, ओरडला नाही. मी शेजारी बसलो तेव्हा त्याने विचारलं, "तुम्ही कोठला?" मी गाव सांगितलं. तो साक्रीकडचा निघाला. बोलणं आमच्या घरासारखंच. म्हणाला, "ती बाजूले उभी व्हती भाऊ. रस्तावर नही व्हती. बाजूले." हे त्याने तीनदा सांगितलं, जणू मी ते खोटं ठरवणार होतो.

मग पोलीस आले. नाव, पत्ता, गाडी कुणाची, सगळं लिहून घेतलं. आणि विचारलं, याला आधी कधी असं झालं आहे का, काही आजार? प्रश्न साधा होता. त्या हवालदाराचा आवाजही चांगला होता, तो घाई करत नव्हता. त्या बाईचा नवरा माझ्याकडे बघत होता. डॉक्टरांची चिठ्ठी दादाच्या घरी कपाटात होती, गोळ्यांचं पाकीट माझ्याच हाताने आणलेलं.

"ना साहेब," मी गुजरातीत म्हणालो, "पहेली वार." पहिल्यांदाच.

हवालदाराने ते लिहिलं. तो गेल्यावर बाईचा नवरा स्वतःशीच मान हलवून म्हणाला, "मंग त्याना काय दोष." मग त्याचा काय दोष. आणि त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

काही दिवसांनी गाडीचे कागद द्यायला मला पोलीस ठाण्यावर जावं लागलं. मागच्या अंगणात गाडी उभी करून ठेवली होती. पुढचं चाक वाकून आत गेलं होतं, गार्ड पिळवटला होता. घंटी जागेवर होती. नट एक आटाही सरकला नव्हता. पिनचे पाय मी वळवले तसेच. मी तिथे उभा राहून ते बघत राहिलो. काढून टाकावी असं वाटलं, पण त्याला दोन पाने लागले असते आणि मी ते नेले नव्हते. पुढे दादावर खटला झाला, त्यातल्या वकिलाने गाडी सोडवून घेऊ का विचारलं तेव्हा नको म्हणालो.

दादाचा गुडघा आता वाकत नाही. फीट महिन्या-दोन महिन्यांनी येतेच, गोळ्या बदलूनही. प्रत्येक वेळी तो थोडा कमी होऊन परत येतो, काही शब्द जातात, काही माणसं. गल्लीतल्या बायका पहिले काही दिवस येऊन बसायच्या. आता त्यांना साड्या दुसरा माणूस आणून देतो. वहिनी उजाडल्यापासून खडे चिकटवते. तिची बोटं गोंदाने कायम कडक झालेली असतात, आणि ती माझ्याशी फारसं बोलत नाही. एकदाच बोलली. मी तिच्या घरचा नळ दुरुस्त करत होतो. मागून तिचा आवाज आला, "तुम्ही त्या दिवशी घंटी बसवायला नाही म्हणाला असतात, तर ते थांबले असते का?"

"माहीत नाही वहिनी."

"मला सोमवारच्या कामाचं कुणीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत असतं तर मी आणलीच नसती."

मी नळ बसवला आणि घरी आलो. तेव्हापासून तिने मला काही दुरुस्तीला बोलावलं नाही. परवा तिच्या पंख्याचं काम बाहेरचा माणूस करून गेला.

बारडोलीकडे मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा हंगाम संपून टोळ्या निघून गेल्या होत्या, शेताच्या कडेला झोपड्यांच्या काठ्या आणि विझलेल्या चुली राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नवीन हंगाम सुरू झाला होता. मुकादम भेटला. त्याने सांगितलं, ते दोघं यंदा आले नाहीत. तोडीला जोडी लागते, एकट्या माणसाला कोण घेणार? गावीच असतील. साक्रीला जाणारी बस सुरतेहून सुटते, मला तिची वेळही ठाऊक आहे. मी गेलेलो नाही. गेलो तर त्याच्यासमोर बसून सांगावं लागेल की दोष होता, आणि कुणाकुणाचा होता. ते सांगितलं तर दादाच्या खटल्याचं काय होईल, वहिनीचं काय होईल, माझं काय होईल, हे मी बसल्या जागी मोजत राहतो. आणि बस निघून जाते.

दादाला आम्ही सांगितलं आहे की त्या बाईच्या पायाला लागलं होतं, पण ती बरी झाली. तारखेला वकीलच जातो. कागद मी दादाच्या हाती पडू देत नाही.

काल संध्याकाळी मी त्याच्याजवळ ओट्यावर बसलो होतो. समोरच्या घरात टीव्हीवर कारखान्याच्या हंगामाची काहीतरी बातमी लागली होती. तो ऐकत होता. मग मला म्हणाला, "ती बाई यंदा तोडीला आली असेल ना?"

मी म्हणालो, "आली असेल."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि उठायला माझा हात मागितला.